फियाटच्या पोटाखालचे दोन पाइप: सबफ्रेम कनेक्टर लावण्याआधी आणि लावताना

जुनी फियाट किंवा काँटेसा सपाट जागी उभी करा. पुढच्या एका चाकाजवळ जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला आणि त्याच बाजूचं दार उघडून परत लावा. धड गाडीत दार जवळपास नेहमीसारखंच लागतं. सैल झालेल्या गाडीत ते लॉकच्या पट्टीवर घासतं, हाताने उचलून ढकलावं लागतं, कधी लागतच नाही. जॅक लावण्याआधी दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यातली फट मोजून ठेवा आणि उचलल्यावर परत मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालेल, तीन-चार मिलिमीटर पडला तर गाडी खालून पिळली जातेय.

बाकीच्या खुणा ओळखीच्या आहेत. स्पीडब्रेकर तिरका घेतला की डॅशबोर्ड करकरतो. पुढच्या काचेला कोपऱ्यातून तडा जातो, काच बदलली तरी वर्षभरात परत तिथूनच. स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती रंगात केसासारख्या चिरा दिसतात. डेंटर लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून देतो आणि पावसाळ्याआधी चीर पुन्हा उमटते. अशा चिरेला लांबी हा इलाज नव्हे, तिथला पत्रा हलतोय.

सबफ्रेम कनेक्टर हा शब्द अमेरिकेतून आला. साठच्या दशकातल्या मस्टँगला पुढे आणि मागे असे बॉक्सच्या आकाराचे दोन-दोन रेल, म्हणजे लांबीत जाणाऱ्या पोकळ तुळया होत्या, मधे फक्त गाडीच्या जमिनीचा पत्रा आणि दाराखालची सिल. पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत पुढची सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) तर रबरी बुश घालून बोल्टने जोडलेली होती. पुढच्या रेलचं मागचं टोक आणि मागच्या रेलचं पुढचं टोक यांच्यामधे पाइप टाकून दोन्ही एक करायचे, एवढीच ती कल्पना. छप्पर नसलेल्या मस्टँगला कारखान्यातूनच खाली जादा पत्रा आणि जाड सिल मिळत असे, म्हणजे कमतरता कुठे आहे हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आपल्याकडे हे कोणत्या गाडीला लागू पडतं? कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये २००१ पर्यंत बनत राहिलेली पद्मिनी मुळात १९५३ च्या फियाट ११००-१०३ ची वंशज, आणि ती मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेली. व्हॉक्सहॉलच्या सत्तरच्या दशकातल्या गाडीवरून उतरलेली काँटेसाही तशीच. अँबॅसॅडरही मोनोकॉक, पण तिच्या पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) गाडीच्या जमिनीखालून लांबीत जातात. मागच्या टोकाला त्यांचं अँकर सोडवता येईल एवढी जागा ठेवली नाही, तर पुढच्या वेळी मेकॅनिक तुमचाच पाइप कापेल. जिप्सी, जुनी महिंद्रा जीप, सुमो, क्वालिस यांना शिडीसारखी वेगळी चासी आहे, त्यांना कनेक्टरची गरज नाही. मारुती ८०० किंवा झेनसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पुढच्या स्ट्रटच्या टॉवरना जोडणारा बार आधी लावावा. तो तयार मिळतो, बोल्टने बसतो आणि काढताही येतो.

वेल्डिंगच्या आधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बनवणाऱ्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडक शब्दांत सांगितलं. दुसरी गोष्ट जुन्या फियाटवाल्यांसाठी जास्त महत्त्वाची. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण त्यासाठी चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. तुमची गाडी साठच्या दशकातली किंवा सत्तरीच्या सुरुवातीची असेल आणि तो नंबर हवा असेल, तर खाली काही जोडू नका, सडलेला भाग मूळ मापात परत करा आणि थांबा. बाकीच्यांनी आरटीओशी बोलून घ्यावं, इन्शुरन्सवाल्यांना कळवावं आणि चासी नंबर जिथे ठोकलेला आहे त्याच्या आसपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग नेऊ नये.

आता मूळ मुद्द्यावर. मुंबईतल्या दहापैकी आठ जुन्या गाड्यांना कनेक्टर नकोच असतो, नवी सिल हवी असते. खारी हवा, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालवणं, आणि आत भिजलेला नमदा (कार्पेटखालचा जाड फेल्ट) जो ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. पत्रा वरून, म्हणजे आतल्या बाजूने सडतो आणि खालून डांबराच्या अंडरकोटमुळे धडधाकट दिसतो. म्हणून सीट, कार्पेट, नमदा, आतल्या डांबरी शीट सगळं काढा. हातात छोटी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका थपथप. स्क्रूड्रायव्हर जोरात दाबला आणि आत गेला तर तिथे पत्रा नाही, गंजाच्या पापुद्र्यांचा थर आहे.

कुठे बघायचं? सिलचा तळ आणि दोन्ही टोकं, पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबाचं मूळ, पायाखालचा पत्रा जिथे पुढच्या रेलला मिळतो तो कोपरा, मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या टोकाचं ब्रॅकेट, आणि डिकीतलं शॅकलचं, म्हणजे पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या कडीचं माऊंटिंग. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिच्या पट्ट्यांखाली खास बघा. टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे साठ-सत्तर किलो लटकवते आणि पाट्याच्या ब्रॅकेटजवळचा पत्रा त्याची किंमत मोजतो. वेल्डिंगच्या वेळी ही टाकी गाडीत ठेवायची नाही, रिकामी असली तरी नाही.

सिलमध्ये भोक असताना कनेक्टर लावला तर काय होतं? सिल हीच गाडीची मुख्य तुळई. ती सडली की दाराच्या मध्यावर गाडी खाली बसायला बघते. पाइप तिला थोडा धरतो आणि सगळा भार पाइपाच्या दोन टोकांवर येतो, जिथे एक मिलिमीटरचा पत्रा आहे. तो सहा महिन्यांत टोकाच्या वेल्डच्या कडेने फाटतो. वेल्ड तुटला असं लोक म्हणतात, पण वेल्ड शाबूत असतो, त्याच्या शेजारचा पत्रा गेलेला असतो. त्यामुळे क्रम असा: सिल, रेलची टोकं आणि पाट्याची ब्रॅकेटं आधी धड करा, बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बदला, गाडी महिनाभर चालवा, मग वरची जॅकची चाचणी परत करा. बऱ्याच जणांचं काम तिथेच संपतं.

चाचणी नीट आकड्यात हवी असेल तर एक घरगुती पद्धत आहे. मागे बॉडीखाली, पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ दोन घोड्या (जॅक स्टँड). पुढे क्रॉस मेंबरच्या (दोन रेलना जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर, लांबीच्या दिशेने ठेवलेला एकच गोल पाइप, म्हणजे पुढचा भाग डावी-उजवीकडे डोलू शकेल. दोन्ही बाजूंना सुरक्षेसाठी दोन घोड्या थोड्या खाली ठेवून द्या. पुढे आणि मागे बॉडीला प्रत्येकी दोन मीटरचा सरळ पाइप आडवा बांधा. पुढच्या पाइपावर मध्यापासून एक मीटरवर ५० किलोची सिमेंटची गोणी टांगली की साधारण ४९० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. आता दोन्ही पाइपांच्या टोकांची उंची मोजा. पुढचा पाइप मागच्यापेक्षा दोन मीटरमध्ये ४ मिमी जास्त कलला, तर पीळ सुमारे ०.११५ अंश, म्हणजे अंशाला ४,२००-४,३०० न्यूटन-मीटरच्या आसपास कडकपणा. कनेक्टरनंतर हेच परत करा, फरक कळेल. गाडी अशी तोलून धरलेली असताना तिच्याखाली शिरायचं नाही.

पाइप निवडताना एक गणित डोक्यात ठेवा. ५०×५० मिमी, २ मिमी जाडीच्या चौकोनी बंद पाइपाची पिळाला टक्कर देण्याची क्षमता घ्या आणि त्याच पाइपाला लांबीत एक चीर पाडून परत मोजा. ती चारशेपट कमी होते. म्हणून अँगल किंवा उघडी चॅनल लावून पीळ थांबत नाही. चॅनल लावायचीच असेल तर तिची उघडी बाजू जमिनीच्या पत्र्यावर येऊ द्या आणि दोन्ही कडा वेल्ड करा, म्हणजे पत्रा चौथी भिंत होतो आणि बॉक्स बंद होतो. उंची वाचवायला हा उत्तम मार्ग आहे, पण पत्रा नवा असेल तरच.

फियाटसाठी माझी पसंती ६०×४०×२ मिमी, उभा लावलेला. उभ्या बाजूने वाकण्याला त्याचा जोर आडव्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आहे, वजन तेच. उंचीला अडचण असेल तर ५०×२५×२ उभा लावा, ६०×४० आडवा लावण्यापेक्षा तो हलका पडतो आणि जोर थोडाच कमी. तीन मिमीच्या जाड पाइपाचा हट्ट धरू नका. शेजारचा पत्रा एक मिमीचा, त्यावर तीन मिमीचं वेल्ड करताना पत्रा आधी जळतो. शिवाय कनेक्टर पत्र्यापेक्षा कितीतरी कडक झाला की तडा त्याच्या टोकाला जातो, हे वर आलंच.

पाइप काळा घ्या, जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, नको. जस्ताचा थर जळला की पांढरा धूर निघतो, वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. जीआयच हाताशी असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर जस्त घासून काढा आणि तोंडाला नीट मास्क लावा. लोखंड विकणारा ‘१४ गेज’ म्हणतो तेव्हा २ मिमी अपेक्षित असतं, आणि हातात बऱ्याचदा १६ गेज, म्हणजे १.६ पडतं. व्हर्नियर न्या, नाहीतर तराजूवर ठेवा: ५०×५०×२ चा सहा मीटरचा नग साडेसतरा-अठरा किलो भरतो, १.६ चा साडेचौदा. चांगल्या पाइपावर आयएस ४९२३ ची खूण असते. मुंबईच्या दारूखाना भंगारबाजारात तुकडे स्वस्त मिळतात, पण गंजाच्या खड्ड्यांचा पाइप गाडीखाली परत घालण्यात अर्थ नाही. ८.८ लिहिलेले बोल्ट, वायसर, कटिंग व्हील मुंबईतल्याच नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतात.

दोन्ही बाजूंचं मिळून पाइप, टोकाच्या पट्ट्या आणि आडवे तुकडे धरून दहा-बारा किलोचं काम आहे. लांबी पुस्तकातून घेऊ नका, आपल्या गाडीखाली मोजा, दोन बाजूंमधेही पाच-सात मिलिमीटरचा फरक निघतो.

मोजणी अशी: गाडी चारही चाकांवर, हवा सारखी भरलेली. पुढच्या खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टपासून विरुद्ध बाजूच्या मागच्या पाट्याच्या पुढच्या बोल्टपर्यंत, दोन्ही तिरपी अंतरं. ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि खुणांमधलं अंतर मोजा, गाडीखाली टेप ताणण्यापेक्षा हे जास्त खरं येतं. दोन तिरप्यांमधे पाच मिमीहून जास्त फरक असेल तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे. वाकडी गाडी कनेक्टरने सरळ होत नाही, वाकडीच पक्की होते.

यात बहुतेक जण चुकतात ते इथे: वेल्डिंगच्या वेळी गाडी कशावर उभी आहे. दोन खांबांच्या लिफ्टवर किंवा मधोमध जॅकवर गाडी असेल तर चाकं लटकतात, पुढचं आणि मागचं टोक खाली झुकतं आणि त्या अवस्थेत पाइप जोडला की दाराची फट कायमची चुकीची राहते. गाडी स्वतःच्या चाकांवर, उंच रॅम्पवर, समपातळीत हवी. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगला पाणी जाण्यासाठी उतार असतो, तेव्हा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चार चाकांची पातळी बघा आणि फळ्या घाला. इंजिन काढलेलं असेल तर ते परत बसवूनच हे काम करा. दारं लावून ठेवा आणि दर थोड्या वेल्डनंतर एकदा उघडून बंद करा. दार तुम्हाला लगेच सांगतं.

बॅटरी सोडवा, अल्टरनेटरची वायर काढा, वेल्डिंगची अर्थ वायर जिथे वेल्ड करतोय तिथेच लावा. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल कुठून जाते ते आधी खडूने आखा. शक्य तिथे नळ्या सोडवून बाजूला घ्या, निव्वळ ओल्या गोणपाटावर भरवसा नको. आत एक माणूस पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन बसलेला हवा, कारण पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला राहिलेला डांबराचा तुकडा धुमसतो आणि ते खालून दिसत नाही. काम संपल्यावरही अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका.

वेल्डिंग सीओटू मशीनवर, ०.८ मिमी वायरने. साध्या आर्कच्या १२ नंबर रॉडनेही पाइपाला पाइप जोडता येतो, पण पत्र्यावर तो भोकं पाडतो, आणि ती भोकं मग रॉडने भरून जो डोंगर तयार होतो त्याला वेल्ड म्हणणं धाडसाचं आहे. ग्यास वेल्डिंगने पत्रा एवढा तापतो की जमीन लाटेसारखी होते.

पाइपाचं टोक सरळ कापून रेलला चिकटवू नका. तीस-पंचेचाळीस अंशात तिरकं कापा, तोंड २ मिमी पत्र्याने बंद करा. रेलच्या टोकावर तीन मिमीची पट्टी, साधारण १०० रुंद आणि १५० लांब, कोपरे गोल केलेली, रेलला तिन्ही बाजूंनी गुंडाळेल अशी वाकवून बसवा. पट्टी रेलला कडेने लांबीत वेल्ड करा आणि मधे आठ मिमीची चार-सहा भोकं पाडून त्यांतून बटन वेल्ड करा. रेलला आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वेल्डची रेघ मारायची नाही. चीर तिथूनच सुरू होते.

मधल्या लांबीत पाइप पत्र्याला सलग वेल्ड करायचा नाही. २५ मिमी वेल्ड, ७५ मिमी जागा, पुन्हा २५. एकदा डाव्या पाइपावर, मग उजव्या, पुढे, मागे, असं फिरत राहा आणि हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. घाई केली तर सगळी उष्णता एका बाजूला जाऊन गाडी त्या बाजूला ओढली जाते. पाइप आणि पत्र्यामधे पोकळी असेल तर पाइपाला खाली दाबून पत्रा ओढून आणू नका, मधे पट्टीचा तुकडा घाला.

नुसते दोन समांतर पाइप वाकणं चांगलं रोखतात, पीळ मात्र थोडाच. खरा फरक पडतो तो पाइपापासून सिलपर्यंत आडवे तुकडे टाकल्यावर. पुढच्या सीटच्या पुढच्या आणि मागच्या बोल्टांच्या रेषेत, प्रत्येक बाजूला दोन, ४०×४०×२ चे. यामुळे सिल, पाइप आणि पत्रा मिळून एक बंद चौकट होते. प्रॉपेलर शाफ्टखालून आडवी पट्टी टाकायची असेल तर ती बोल्टने काढता येण्यासारखी ठेवा, नाहीतर गिअरबॉक्स उतरवताना अडेल.

बोल्टने लावायचे कनेक्टर कुणाला? ज्याला पाइप कायमचा वेल्ड करायचा नाही आणि तो पुढे काढून टाकायचा पर्याय हवा त्याला. पण पातळ पत्र्याच्या पोकळ रेलमधून बोल्ट आवळला की रेल चेपते, चेपली की बोल्ट ढिला, ढिला झाला की भोक अंडाकृती. म्हणून रेलमधे आरपार स्लीव्ह, म्हणजे १० मिमी बोल्ट सैल न जाता बसेल असा जाड नळीचा तुकडा, दोन्ही बाजूंना वेल्ड करून घालावाच लागतो. मग एम१० चे ८.८ बोल्ट, प्रत्येक टोकाला किमान तीन, ४५ न्यूटन-मीटरने. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. स्लीव्ह न घालता बोल्टने लावलेला कनेक्टर दोन महिन्यांनी फक्त आवाज करतो.

गंजाचा बंदोबस्त वेल्डिंगइतकाच वेळ घेतो. हे काम दिवाळी ते फेब्रुवारी दरम्यान करा, जूनमध्ये सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळी नारिंगी होतो. वेल्ड तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत साफ करून इपॉक्सी प्रायमर, जोडांवर पॉलियुरेथेन सीलर, मग रंग. नुसतं रेड ऑक्साइड मारून वर डांबर ओतलं तर ओल आत कोंडते. पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी आठ मिमीचं एक भोक ठेवा. त्यातून लांब नळीच्या स्प्रेने आत मेण मारा, आणि तेच भोक पावसाळ्यात पाणी बाहेर काढायला उपयोगी पडतं. जुनं इंजिन ऑइल फवारणं स्वस्त आहे आणि काही महिने चालतं, पण ते ठिबकून रबरी बुश फुगवतं.

शेवटी उंची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीत जे असतात ते त्या मापाचे नसतात. म्हणून पाचजण आणि डिकीत सामान घेऊन पाइपाच्या खालून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. पाइप सायलेन्सरपेक्षा खाली येत असेल तर पहिला ठोका पाइप खाईल आणि तो थेट रेलच्या टोकात जाईल. पाइपापासून सायलेन्सर किमान २० मिमी दूर हवा, इंजिन हलल्यावर तो टेकला तर आयडलला डब्यासारखा घुमतो. महिनाभराने टोकांच्या पट्ट्यांच्या कडेला रंग फुटलाय का ते टॉर्चने बघा, मग पावसाळ्याआधी एकदा, आणि पाण्यातून गाडी गेली की भोक मोकळं आहे का ते तारेने तपासा.